साका, पन्नास हजार पाउंड आणि माझा यूकेचा फाउंडर व्हिसा

आमची पावसजवळ हापूसची कलमं आहेत. आंबा बाहेरून पिवळाधमक दिसतो आणि कापला की आत साका, पांढरट स्पंजासारखा गर, तोही आंबट. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत फिरकत नाही. फळ न कापता साका ओळखणारं स्कॅनर मी आणि माझ्या मित्राने रत्नागिरीत बनवलं आणि ते यूकेत कंपनी काढून पुढे न्यायचं असं २०२२ पासून डोक्यात होतं.

तेव्हा तिथल्या इनोव्हेटर व्हिसाला ५०,००० पाउंडांची गुंतवणूक दाखवावी लागायची, म्हणजे जवळपास पन्नास लाख रुपये. बाग गहाण टाकायची माझी तयारी नव्हती, विषय तिथेच संपला. मग १३ एप्रिल २०२३ ला नियम बदलले, इनोव्हेटर फाउंडर व्हिसा आला आणि ती ५०,००० ची अट गेली. ही बातमी वाचली तेव्हा मी बागेतच होतो, लगेच बाबांना हाक मारून सांगितलं.

पण पैशाची अट गेली म्हणजे सोपं झालं असं समजू नका, सगळा भार आता तुमच्या आयडियावर येतो. सरकारने नेमलेल्या संस्थेकडून एंडॉर्समेंट लेटर, म्हणजे धंद्याची आयडिया पसंत असल्याचं पत्र लागतं, त्याची फी १,००० पाउंड, आणि धंदा नवीन आहे, चालेल आणि वाढेल हे तिन्ही पटवावं लागतं. पहिल्या संस्थेने मला नाही म्हटलं, कारण माझा सगळा प्लॅन हापूसचा होता आणि हापूस दोन-अडीच महिन्यांचं पीक, धंदा वाढणार कसा? राग आला होता पण प्रश्न बरोबर होता. इंग्लंडच्या केंट भागातल्या सफरचंदांनाही आतून तपकिरी पडायचा त्रास असतो, तोही बाहेरून कळत नाही, हे शोधून काढून प्लॅन पुन्हा लिहिला. दुसऱ्या संस्थेच्या व्हिडिओ इंटरव्ह्यूत कॅमेऱ्यासमोर दोन आंबे ठेवले, कुठल्यात साका आहे ते स्कॅनरवर आधी दाखवलं आणि मग सुरीने कापले. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी लेटर आलं.

या उशिरात हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायची रक्कम, मात्र वाढला, ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ६२४ चे १,०३५ पाउंड झाले, म्हणजे तीन वर्षांचे ३,१०५. सव्वा लाखाच्या वर जास्त गेले, अजून सलतं.

खरी कसोटी पुढेच होती. तिथे स्वतःचा खर्च भागवता येईल हे दाखवायला खात्यात १,२७० पाउंडाइतके पैसे सलग २८ दिवस पाहिजेत, एक दिवसही कमी चालत नाही. माझं खातं बाबांबरोबर जॉइंट. ऐन एप्रिलमध्ये, विसाव्या दिवशी, त्यांनी गड्यांची मजुरी आणि पेट्यांचे पैसे काढले. मी ओरडलो तर म्हणाले, "अरे, माणसं दारात उभी होती, त्यांना काय सांगू?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. मोजणी पुन्हा एकपासून, आणि एंडॉर्समेंट लेटर तीन महिन्यांच्या आतलंच लागतं, त्यामुळे मे महिना नुसता तारखा बघण्यात गेला. तुम्ही करणार असाल तर या पैशांसाठी वेगळं खातं उघडा, घरात आधी सांगून ठेवा. रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबईला टीबी टेस्ट केली, लेटरची मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना ऑनलाइन अर्ज गेला, आणि नंतर बायोमेट्रिकला, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला, पुन्हा गेलो. व्हिसा तीन वर्षांचा मिळाला.

एंडॉर्स करणाऱ्या संस्थेबरोबर मधे किमान दोन मीटिंगा असतात, प्रत्येकी ५०० पाउंड, त्यात सांगितल्याप्रमाणे काम झालं का ते बघतात. पहिली नीट झाली. तिथे कायमचं राहायचं तर कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही, म्हणून सीझनला घरी आलो की येण्याजाण्याच्या तारखा वहीत लिहितो. आत्ता इथेच आहे, अढीतले आंबे बाबांबरोबर स्कॅन करतोय, पाडव्यापासून ४१ दिवस झाले.