पाहुणीला भाकरी वाढा

“तुम्ही खान्देशातल्या ना? मग तुम्हाला काय अवघड आहे हो?” एन्डोस्कोपीचा रिपोर्ट बघत डॉक्टर मला म्हणाले होते. सिलियाक नावाचा आतड्याचा आजार निघाला होता. गहू, जव आणि राय ही तीन धान्यं आयुष्यभर बंद, बाकी सगळं मोकळं. ज्वारी खा, बाजरी खा, मका, नागली, तांदूळ, डाळी खा. हिशेबानं त्यांचं बोलणं बरोबरच होतं. अमळनेरला आमच्या घरी रात्री भाकरीच असते. शेवभाजीतली शेव बेसनाची, पातोड्या बेसनाच्या, डुबुकवडे बेसनाचे, फुणके डाळीचे. दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा, एवढ्यावर इथल्या पिढ्या निघाल्या.

डॉक्टरांना एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आमच्याकडे भाकरी घरच्यांसाठी, पाहुण्याला गहू. जावई आला की पोळ्या. लग्न ठरलं, देवी बसली, पितर जेवायचे असले, माणूस जाऊन तेरावा आला, तरी गव्हाचंच. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढायची वेळ आली तर घरच्या बाईला चोरट्यासारखं होतं. त्यामुळे माझं दुखणं आतड्याचं कमी आणि पंगतीचं जास्त आहे.

म्हणजे आतड्याचंही आहेच. हे अपचन नाही आणि ॲलर्जीही नाही. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, त्या लवेतून अन्नरस रक्तात जातो. ती लव झडून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वर येत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला, लोखंडी कढईत भाज्या झाल्या. जुलाब नव्हते, म्हणून पोटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मोठ्या माणसांत हा आजार असा नुसत्या रक्तक्षयाच्या रूपानंही येतो, हे मला खूप उशिरा कळलं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी सांगितली, ती जोरात पॉझिटिव्ह आली, मग दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून पक्कं झालं.

ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी एक सांगते, कारण इथे सगळे उलटं करतात. तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडला तर रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट छान येतो. माझ्या जाऊबाईंनी तेच केलं. माझं ऐकून पोळी सोडली, पोट हलकं वाटलं, आणि ‘मलाही तेच आहे’ म्हणून मोकळ्या झाल्या. पुढे रीतसर पोळी खाऊन तपासणी केली, तर सिलियाक नाही. पण त्रास खोटा नव्हता. गव्हात फ्रुक्टान नावाची एक साखर असते, ती काहींना सोसत नाही, पोट फुगतं. कांद्यात आणि लसणात तीच असते. त्यांनी पोळी सोडली आणि जेवताना कच्चा कांदा बुक्कीनं फोडून खाणं चालूच ठेवलं, मग फरक किती पडणार? आता त्या कांदा कमी खातात आणि एखादी पोळीही खातात. मला एक कणही चालत नाही. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही दोघी सारख्याच नखरेल दिसतो.

कणाचं म्हणाल तर खरी गंमत चक्कीवर आहे. ज्वारी निर्मळ असते, चक्की नसते. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात एक ग्रॅम. आणि चक्कीच्या पाळ्यांत आधीच्या दळणाचं मूठभर पीठ सहज अडकून राहतं, भिंतीवर, पट्ट्यावर, चक्कीवाल्या भाऊंच्या भुवयांवर साचतं ते वेगळं. भाऊ भला माणूस. “ताई, तुमचं दळण सकाळी पहिलं टाकतो,” म्हणाले. पण पहिलं म्हणजे रात्रीच्या शेवटच्या गव्हानंतरचंच. अखेर घरघंटी घेतली. तिच्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि ज्वारी-उडदाचा कळणा, याशिवाय काही पडायचं नाही. ‘अर्धा किलो लापशीचा गहू भरडून घेते हं’ म्हणत शेजारीण आली की सासूबाई घरघंटीवर रुमाल टाकून तिच्याशीच गप्पा मारत बसतात. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा त्यांना हे बरं जमतं.

दळायच्या आधी ज्वारी निवडते, कारण सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे निघतात. ताटात ज्वारी पसरली की गोल मोत्यांमध्ये ते लांबट, मधे चीर असलेले दाणे लगेच दिसतात. पूर्वी खडे वेचायचे, आता गहू वेचते.

दुसरा चोर म्हणजे हिंग. खरा हिंग इतका उग्र असतो की तो पिठात मिसळूनच डबीत भरतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, तो मी घेते. पण बाहेर? वरणाला हिंग, कढीला हिंग, फौजदारी डाळीला हिंग. तळणाचंही तसंच. उडदाचा पापड निर्दोष, पण ज्या कढईत आधी कचोरी पोहली त्यात तो तळला की माझ्यासाठी तोही गव्हाचाच. कुरडईचा तर प्रश्नच नाही, ती गव्हाच्या चिकाचीच. सत्यनारायणाचा शिरा मी हातात घेते, कपाळाला लावते आणि नवऱ्याच्या हातावर ठेवते. त्याचं वजन वाढायला माझा आजार कारण आहे असं तो सगळ्यांना सांगतो.

निर्धास्त दिवस एकच, उपासाचा. एकादशीला अख्खं घर माझ्यासारखं जेवतं. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी. त्या दिवशी मला कुणी ‘तुला काय चालतं गं?’ विचारत नाही, नुसतं वाढतात.

आखाजीला मात्र कठीण जातं. माझं माहेर पारोळ्याकडचं. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी, झाडाला झोके, घागर भरायची, पितरांची आगारी, आणि जेवायला खापरावरचे मांडे नि आमरस. मांडे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगते. गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून त्याची कणीक भिजवायची आणि मग तिला तिंबायचं, आपटायचं, पाणी लावून ओढायचं, इतकं की ती हातातून खाली लोंबायला लागते पण तुटत नाही. पुरण भरलेला गोळा थोडा थापून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायचा. बघता बघता तो कोपरापर्यंत येतो, पलीकडची चूल दिसेल इतका पातळ होतो, आणि मग एका झटक्यात पालथ्या खापरावर. ही जी ओढ आहे ना कणकेची, न तुटता ताणत जाण्याची, ती ग्लुटेनचीच. ज्याच्यामुळे मांडा होतो त्याच्यामुळेच मला तो चालत नाही. याला पर्याय नाही. ज्वारीचा मांडा, नागलीचा मांडा असले व्हिडिओ येतात, त्यांना धिरडं म्हणा आणि आनंदानं खा.

आमच्या घरात मांड्यांना हात माझाच बसलाय. गव्हाला हात लावल्यानं काही होत नाही, पोटात जायला नको. म्हणून नाकातोंडाला ओढणी बांधून मी अजूनही मांडे करते. फक्त कणकेला हात लावायच्या आधी माझ्या वाटीचं पुरण काढून झाकून ठेवते, आमरसही. माझी फुई, म्हणजे आत्या, दर वर्षी एकदा तरी म्हणतेच, “थोडंसं खाई ले ना माय, सणना दिन शे, काय व्हई जाई?” तिला मी आतड्याची लव समजावून सांगायचं सोडून दिलंय. “फुई, रक्त चढवावं लागतं,” एवढंच म्हणते. रक्ताचं नाव काढलं की ती गप्प होते आणि माझ्या पुरणावर तुपाची धार धरते.

श्रावणात आमच्या कानबाई देवीच्या वेळी वाटलं होतं की आता मोठं रण होणार. तिचे रोट म्हणजे कुळाचा प्रसाद. घरच्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे, भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. मी सून, मी खाल्ले नाहीत तर कसं? काकूसासूबाई कुजबुजल्याच. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, “कानबाई काय सांगस का तिले, खा आन् मर म्हनीसन?” माझ्या वाट्याचे रोट दोघा पोरांत वाटले गेले. दोघांचीही रक्ततपासणी करून घेतलीय, दोघंही सुटलेत. सख्ख्या नात्यात हा आजार निघण्याची शक्यता जास्त असते, म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतेच.

आमच्या जळगावकडच्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट या आजाराच्या इतिहासात आहे. गव्हाचा दोष माहीत नव्हता तेव्हा न्यूयॉर्कचे सिडनी हास नावाचे बालरोगतज्ज्ञ अशा मुलांना केळी खायला घालून बरे करत. 1924 साली त्यांनी ते छापलं आणि पुढे कित्येक वर्षं केळी हेच या आजाराचं औषध समजलं जात होतं. प्रत्यक्षात केळी खाऊन नाही, तर केळ्यांच्या नादात ब्रेड बंद झाला म्हणून मुलं सुधारत होती. खरं कारण धरलं विलेम डिके या डच डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेना, माणसं उपाशी, आणि यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. ब्रेड परत आला तशी पुन्हा खालावली. 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. रावेरचे माझे मामेभाऊ केळीवाले, त्यांना हे सांगितलं तर ते मधलं सगळं विसरून ‘अमेरिकेत केळीनं बरे करायचे’ एवढंच गावभर सांगत सुटले.

मला मधे दूधही बंद होतं. लव झडली की दूध पचवणारं लॅक्टेजही कमी पडतं. आतडं सुधारलं तसा चहा परत आला, आणि पोळी गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढा त्या पहिल्या कपाचा आनंद झाला. हिमोग्लोबिनही हळूहळू चढलं.

सध्या माझे प्रयोग चाललेत बट्टीवर. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी सोडायला माझी तयारी नाही. नुसत्या ज्वारीची बट्टी उकडताना फुटते, मक्याची दगड होते. कळण्याची भाकरी मात्र साध्या भाकरीपेक्षा कमी तुटते हे थापताना रोज हाताला कळतं, कारण त्यात उडीद असतो आणि उडीद चिकट. म्हणून मक्याचा भरडा, ज्वारीचं पीठ, त्यात उडदाचं पीठ आणि चमचाभर भिजवलेला इसबगोल, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. गरम पाण्यात मळून, झाकून ठेवून, वाफवून, मग कापून तुपात तळायची. चुरल्यावर रवाळ होते, वरण पिते. गव्हाच्या बट्टीचा खमंगपणा नाही, पण ताटात शेजारी ठेवली तर पटकन ओळखू येत नाही, आणि पंगतीत तेवढंच हवं असतं.

दोंडाईच्याला भाचीचं लग्न आहे. पंगत वरण-बट्टीचीच. माझ्या बट्ट्या मी डब्यात नेणार, वरणाचं काय? वहिनीकडून आचाऱ्याचा नंबर घेऊन त्यांनाच फोन लावला. म्हटलं, दादा, फोडणीच्या आधी माझ्यापुरतं एक पातेलं वरण बाजूला काढा, त्यात हिंग नको, आणि बट्टीचा झारा त्यात बुडवू नका. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, हिंगाशिवाय वरण मी कुणाला वाढलं नाही आजवर. तुमच्याजवळ चालणारा हिंग असंल तर पुडी घेऊन या, टाकतो.”

पुडी पर्समध्ये टाकून ठेवलीय.