सामाईक नळ

जुन्या चाळीच्या गॅलरीत भर दुपारी सामाईक नळ उघडा दिसतो. कोरडा ठणठणीत. पाहुणा सज्जनपणे तो बंद करतो आणि कोणीतरी येऊन, काही न बोलता, पुन्हा उघडतं. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा फुसफुसते, तीच घंटा. पहिली अर्धी बादली गढूळ. ती संडासाकडे, पुढचं प्यायला.

हिशेब सरळ आहे. अर्धा इंची नळ बऱ्या दाबाला मिनिटाला 10 लिटर देतो. पाणी तासभर, म्हणजे 600 लिटर, म्हणजे तीन पिंपं. नळावर बिऱ्हाडं दहा. म्हणून नंबर हंड्याचा असतो, पिंपाचा नाही. एक हंडा भरला की रांगेत मागे.

नळी लावून निघून जाणारा माणूस मला मुळीच आवडत नाही. नळीचं टोक पाण्यात बुडलेलं असताना खालच्या मजल्यांनी नळ सोडले, की वरचा दाब घटतो आणि भरलेलं पाणी उलटं लाइनीत ओढलं जातं. पिंप स्वच्छ असेल हो, पण शेजारच्या नळाची नळी साबणाच्या बादलीत असते! टोक नेहमी पाण्याच्या चार बोटं वर टांगावं. तिसऱ्या मजल्याची रड वेगळीच. तिथवर चढण्यातच साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब खर्च होतो, आणि खाली कोणी थेट लाइनीला मोटर लावली की वर नुसती हवा.

नळ गळतो तो बहुधा वायसरमुळे, म्हणजे आतल्या चकतीमुळे. गळू नये म्हणून जो तो चावी जास्त आवळतो, त्यानं वायसर चिरतो, मग आणखी आवळतात. बदलायला पाना आणि पाच मिनिटं पुरतात. मात्र पाणी गेल्यावर बदलायचा आणि जमलं की नाही ते दुसऱ्या दिवशी कळणार. वायसर स्वस्त असतो, पण तो आणणं हे कोणाचंच काम नसतं.

मुंबईतल्या 1920च्या दशकातल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीला निदान स्वतःची मोरी होती. संडास तेवढा मजल्याचा, त्यामुळे भांडणं तिकडे सरकली. कुठे कुठे दोन-तीन बिऱ्हाडांत एक संडास वाटून कुलूप लावतात. किल्ली दाराआडच्या खिळ्याला. ती जागेवर नसली तर आत कोणीतरी आहे, किंवा कोणीतरी ती खिशात घालून कामावर गेलंय.

जिन्यातला दिवा कोणाच्या मीटरवर आहे, ते मात्र विचारू नये.