अर्धा सेकंद थांबून

दुपारची जेवणं झालेली, डोळ्यांवर झापड, आणि समोर कामाचं एक तिकीट येऊन पडलं: ‘टूलबारमधल्या सगळ्या आयकॉनना टूलटिप द्या.’ टूलटिप म्हणजे माऊस बटणावर नेला की उगवणारी छोटीशी पाटी. तिकिटाखाली ना कारण, ना मुदत. मला अशी तिकिटं मनापासून आवडतात. डोकं चालवायचं नाही, चित्रं मोजायची, एकेकाला दोन-दोन शब्द चिकटवायचे आणि संध्याकाळी मोकळं व्हायचं. मोजली. ४२ निघाली.

४२! गेली दोन वर्षं हेच ॲप मी रोज उघडतोय. त्यातली सात-आठ बटणं वापरतोय आणि उरलेल्यांकडे लिफ्टमधल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघून न बघितल्यासारखं करतोय. आता त्या सगळ्यांना नावानिशी ओळखायची वेळ आली होती.

पहिली काही सोपी गेली. भिंग: ‘शोधा’. कचऱ्याचा डबा: ‘हटवा’. आता हा ‘हटवा’ मी आयुष्यात तोंडाने कधी उच्चारलेला नाही. घरात आपण ‘काढून टाक’ म्हणतो, ऑफिसात ‘डिलीट मार’. पण स्क्रीनवर ‘हटवा’ दिसलं की सगळ्यांना बरोबर कळतं. तो शब्द स्क्रीनवरच राहतो, तिथून खाली उतरत नाही. फ्लॉपीच्या चित्राला ‘जतन करा’. फ्लॉपी कधी हातात न धरलेली पोरं त्या चित्रावर बिनदिक्कत क्लिक करतात. त्यांना टूलटिप हवीच असेल तर ती फ्लॉपी म्हणजे काय हे सांगणारी. नरसाळ्याने मात्र दहा मिनिटं खाल्ली. ‘गाळा’ लिहिलं तर भाड्याने द्यायचा आहे असं वाटतं. शेवटी ‘फिल्टर’ लिहून पुढे सरकलो.

मला एक खोड आहे. नवीन ॲप उघडलं की मी आधी काम करत नाही, माऊस एकेका बटणावर नेऊन उभा राहतो आणि टिपा वाचत बसतो. पाच मिनिटांत कळतं, लिहिणारा कसा होता ते. कोणी मोकळ्या मनाचा असतो: ‘निवडलेल्या ओळी नवीन फाइलमध्ये काढा’. कोणी नुसता हजेरी लावून गेलेला असतो. बटणावर ठसठशीत ‘सेव्ह’ लिहिलेलं असतं आणि माऊस नेला की टिप येते, ‘सेव्ह’. हातच्या कांकणाला आरसा कशाला! सेव्ह केलं तर जुन्यावर चढणार की नवी प्रत होणार, हा जो खरा प्रश्न पडलेला असतो, त्यावर तो माणूस गप्प. माझं स्पष्ट मत असं आहे की चित्राखाली सरळ शब्द छापावा, टिपेची भानगडच नको. पण ‘गर्दी दिसते’ असं डिझायनर म्हणतात, आणि डिझायनरपुढे आमचं कधी काही चाललं आहे?

तर शब्द झाले, एक सोडून. त्या एकाकडे मी नंतर येतो. आता लायब्ररीने, म्हणजे टिपा दाखवणाऱ्या तयार कोडने, विचारलं, टिप किती वेळाने दाखवू? मी विचार न करता शून्य लिहिलं आणि टूलबारवरून माऊस आडवा नेला. डबक्यातून बेडकं उडावीत तसे काळे चौकोन टपाटप उडाले. मला जायचं होतं भिंगापर्यंत, आणि वाटेतला प्रत्येक जण बाही ओढून आपलं नाव सांगत होता. मग दोन सेकंद केले. तर बटणावर उभा आहे, उभा आहे, कोणी विचारेना. चिडून माऊस काढला आणि त्याच क्षणी टिप आली.

किती थांबायचं, हा प्रश्न मला नवा नव्हता. इयत्ता सातवीत मी प्रॉम्प्टर होतो.

अभिनय येत नाही हे पहिल्याच तालमीत सिद्ध झालं होतं. पण अक्षर वाचायला बरं, आवाज बारीक आणि हट्ट मोठा, म्हणून सरांनी मला विंगेत बसवलं. एक स्टूल, मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी. बॅटरीचा उजेड स्टेजवर दिसू नये म्हणून काचेवर दोन बोटं ठेवायची. त्या बोटांमधून येणारा लालसर उजेड आणि त्यात दिसणारी निळ्या शाईतली वाक्यं मला आजही जशीच्या तशी आठवतात. सगळं नाटक मला पाठ होतं, सगळ्यांची कामं पाठ होती, आणि कोणीतरी एकदा तरी विसरावं अशी माझी मनोमन इच्छा होती.

नाटकात कोर्टाचा प्रवेश होता. आरोपी झालेल्या मुलाचं वाक्य होतं, ‘मी काही पाहिलं नाही.’ तो म्हणाला, “मी काही पाहिलं…” आणि थांबला. मला जे हवं होतं ते आयतंच समोर आलं होतं. मी विंगेतून जीव तोडून ओरडलो, “नाही!” अख्खं सभागृह हसलं. तो विसरला नव्हता. तो पॉज घेत होता. तालमीत सरांनी त्याला तो पॉज पंधरा वेळा करायला लावला होता आणि त्या पंधराही वेळा मी वहीत डोकं घालून बसलो होतो. त्याने माझ्याकडे वळून जे बघितलं, ते न्यायाधीश झालेल्या मुलालाही कधी जमलं नसतं.

सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. नंतर पडदे गुंडाळताना एवढंच म्हणाले, “वहीत बघायचं नसतं रे. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं. विसरलेला माणूस विंगेकडे बघतो.”

पुढच्या प्रयोगात मी फक्त डोळे बघितले. तोच मुलगा, दुसराच प्रवेश. तो थांबला. मी थांबलो. त्याने समोर बघितलं, मग वर बघितलं, आणि मग खरोखरच विंगेकडे बघितलं. मला आनंद आवरेना. वहीत बघतो तर पान भलतंच. त्याचे डोळे शोधता शोधता मी दोन पानं उलटायची विसरलो होतो. सगळं नाटक पाठ असलेला मी, तेवढं एक वाक्य काही केल्या आठवेना. त्याने काहीतरी स्वतःचंच बोलून वेळ मारून नेली. चांगलं बोलला असणार, कारण टाळ्या पडल्या.

हे सगळं आठवायचं कारण, डिले म्हणून मी जो आकडा शोधत होतो तो विंडोजने केव्हाच काढून ठेवलेला आहे. त्यांच्या टूलटिपचा मूळ हिशोब डबल क्लिकच्या वेळेवर बांधलेला आहे. दोन क्लिकमध्ये जास्तीत जास्त जेवढं अंतर चालतं, तेवढं थांबून टिप दाखवायची. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते अंतर ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद. दिसलेली टिप त्याच्या दहापट, म्हणजे पाच सेकंद टिकते. आणि एक टिप पाहून शेजारच्या बटणावर गेलात तर पुढची येते पाचव्या हिश्शात, १०० मिलिसेकंदांत. हा शेवटचा आकडा मला फार आवडतो. एकदा तुम्ही विंगेकडे बघितलंत ना, मग तुम्ही हरवलेले आहात हे कळलं, आता दर वेळी वाट बघायला लावत नाही.

त्या पाच सेकंदांशी मात्र माझं वैर आहे. मी सावकाश वाचणारा. तीन ओळींची टिप असली की दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ती विझते. मग माऊस काढा, परत न्या, परत अर्धा सेकंद, परत पहिल्यापासून. बरं, हात मंद आहे म्हणून डबल क्लिकचा वेळ वाढवून घेतला तर याच हिशोबाने टिपही आणखी उशिरा येणार. पण ती टिकणारही जास्त वेळ, म्हणजे सावकाश माणसाला वाचायला निवांतपणा मिळतो. हे कोणी मुद्दाम योजलं की असंच जुळून आलं, देव जाणे.

ॲपलने त्याआधीच, १९९१ मध्ये, मॅकच्या सिस्टिम ७ बरोबर ‘बलून हेल्प’ आणली होती. चित्रकथेत पात्रांच्या तोंडातून निघतात तसे फुगे. मेनूत जाऊन ती चालू केली की माऊस जाईल तिथे फुगा, अगदी खिडकीच्या चौकटीवरसुद्धा. आणि नको झालं की परत मेनूत जाऊन बंद करायची. हे म्हणजे प्रॉम्प्टरने एक तर सबंध नाटक मोठ्याने वाचायचं, नाही तर घरी जायचं. मधलं काही नाही.

मी ५०० लिहिलं आणि बाकीच्या कटकटींकडे वळलो. त्या नेहमीच्याच. उजव्या कडेच्या बटणाची टिप स्क्रीनबाहेर गेली, तिला उलट बाजूला वळवलं. एक टिप ज्या डब्यात होती त्याच्या कडेला अर्धी कापली गेली. एक खिडकीखाली दडली, तिचा झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसणार हे ठरवणारा आकडा, वाढवायला गेलो तर आधीच कोणीतरी ९९९९ लिहून ठेवलेला, आणि त्याच्या खाली दुसऱ्या कोणीतरी ९९९९९. मी नऊ वाढवला नाही, याचा मला अभिमान आहे. वैताग आणला तो बंद बटणांनी. बटण डिसेबल केलं की ते माऊस आल्याची वर्दीच देत नाही, म्हणून लायब्ररीची टिपही येत नाही. म्हणजे ‘हे बटण करडं का पडलंय?’ असं विचारायला माणूस नेमका तिथे जाऊन उभा राहतो आणि नेमकं तिथेच कोणी बोलत नाही. उपाय सोपा आहे, बटणाभोवती एक स्पॅन, म्हणजे कोडमधलं साधं वेष्टण, गुंडाळायचा. पण तो दर वेळी नव्याने आठवावा लागतो.

मोबाइलचं मी सोडूनच दिलं. माऊस घुटमळू शकतो. बोट एक तर वर असतं, नाही तर लागलेलं असतं.

संध्याकाळी काम तपासायला गेलं. आमच्या टेस्टिंगमधल्या एकीची सवय आहे, काहीही तपासायला घेतलं की ती आधी माऊस बाजूला सरकवते. तिने स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र, लावला आणि टॅब दाबायला सुरुवात केली.

“बटण,” यंत्र म्हणालं. टॅब. “बटण.” टॅब. “बटण.”

ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, एका लयीत टॅब दाबत राहिली. कितीव्या बटणावर होतो तेही कळायला मार्ग नव्हता. मी दुपारभर अर्ध्या सेकंदाची नजाकत साधत बसलो होतो, आणि माऊस नसलेला माणूस विंगेकडे बघत होता तर विंगेत स्टूलसुद्धा नव्हतं. या गोष्टींचे नियम आहेत, मला ते माहीतही होते. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत, २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, १.४.१३ क्रमांकाचा निकष खास अशा उगवणाऱ्या मजकुरासाठी आहे: माऊस न हलवता टिप घालवता आली पाहिजे, टिपेवरच माऊस नेला तरी ती पळता कामा नये, आणि वाचणाऱ्याने माऊस काढेपर्यंत किंवा ती घालवेपर्यंत टिकली पाहिजे. मधली अट वाचताना मला पूर्वी ती उगाच वाटायची. मग स्क्रीन कितीतरी पट मोठी करून वाचणारे एक गृहस्थ पाहिले. त्यांच्या खिडकीत एका वेळी टिपेचे तीनच शब्द मावत होते, आणि चौथ्यासाठी माऊस सरकवला की टिप गायब. त्यांनी तसं पाच-सहा वेळा केलं, अजिबात न चिडता. सवय झाली होती त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा केलं. टॅबने बटणावर फोकस आला की टिप, एस्केप दाबलं की गेली, पाच सेकंदांची अट काढली, आणि प्रत्येक बटणाला अरिया-लेबलने, म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये लिहिलेल्या पाटीने, खरंखुरं नाव. अशी ४१.

बेचाळिसाव्याची गोष्ट राहिलीच. त्यावर दोन अर्धवर्तुळं आणि मध्ये एक टिंब आहे. कोड उघडला तर फंक्शनचं नाव ‘हँडल क्लिक टू’. दाबलं की सर्व्हरला काहीतरी जातं, सर्व्हर ‘ठीक’ म्हणतो आणि स्क्रीनवर तसूभर फरक पडत नाही. ज्याने लिहिलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला, जाताना कमिटच्या, म्हणजे कोड जमा करतानाच्या, संदेशात ‘फिक्स’ एवढंच लिहून. काढून टाकू का म्हणून विचारलं तर सगळे दचकले. कोणीतरी वापरत असेल, म्हणाले. मी ‘रिफ्रेश’ लिहून पाहिलं, खोटं वाटलं. ‘इतर’ लिहिलं, तेही पुसलं.

तिने परत टॅब दाबत नेलं. शोधा, बटण. हटवा, बटण. फिल्टर, बटण. एकेचाळीस नावं नीट ऐकून घेतली. मग यंत्र नुसतंच म्हणालं, “बटण.”

“हे काय आहे?” तिने विचारलं.

मी अर्धा सेकंद थांबलो. “बटण,” म्हटलं.