पहिला कडक गारठा : गच्चीवरच्या कुंड्यांची नोंद

या आठवड्यात गारठ्याने खरा हिसका दाखवला. निफाडकडे दवबिंदू गोठले, आणि इकडे नाशिकच्या मखमलाबादला आमच्या गच्चीवरही पहाटे नळाला हात लावला की बोटं बधिर होतात. मी गच्चीवर दोन तापमापक ठेवलेत. एक जिन्याच्या भिंतीवर, डोक्याइतक्या उंचीवर. दुसरा कुंड्यांच्या मधोमध, थेट फरशीवर. गुरुवारी उजाडायच्या आधी भिंतीवरचा सात अंश दाखवत होता आणि फरशीवरचा चारच्याही खाली. कुंड्या सांभाळणाऱ्यांनी हा दुसरा आकडा बघावा, असं माझं ठाम मत झालंय.

निफाडचा जो पारा पेपरात येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. अशा ठिकाणी तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. म्हणजे ते हवेचं तापमान. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की पानं, फरशी, कुंडीची कड आपली ऊब वर सोडत राहतात आणि हवेपेक्षाही गार होतात. म्हणून हवेचा पारा तीन-चार अंशांवर असतानाही गवतावरचं दव गोठू शकतं. ढगाळ रात्री हे होत नाही. त्यामुळे हल्ली संध्याकाळी मी आधी आभाळ बघते, मग बातम्या.

चांदण्या स्वच्छ दिसणार आणि पानही हलत नाही असं वाटलं, की दिवस मावळायच्या आत पांघरूण घालते. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या काठ्यांवर ताणायच्या, पानांना टेकू द्यायच्या नाहीत आणि कडा फरशीपर्यंत सोडायच्या. दिवसभर तापलेल्या फरशीची ऊब आत राहते. प्लॅस्टिक मी वापरत नाही. ते जिथे पानाला चिकटतं तिथेच पान जळतं. सगळ्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला खेटून एकत्र आणल्यात. कुंडीतल्या मुळांना जमिनीतल्यासारखी ऊब नसते, गारठा चारही बाजूंनी लागतो.

पाण्याची वेळ सातवरून अकरावर नेली. टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, म्हणून बादल्या उन्हात ठेवते. माती अगदी कोरडी पडू देत नाही, कारण ओलसर माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. आमच्याकडचे द्राक्षवाले पहाटे बागेला पाणी सोडतात, शेकोट्या पेटवतात. कडाक्यात मण्यांना तडे जायची त्यांना धास्ती असते.

अडेनियमचं पाणी मात्र जवळजवळ बंद. त्याची पानं पिवळी पडून गळताहेत, ती गळू द्यावीत. मी रोज खोडाचा फुगीर भाग अंगठ्याने दाबून बघते. टणक लागला की निर्धास्त, मऊ लागला तर आत कूज. अजून सगळी टणक आहेत.

नुकसान झालं ते कठड्यालगतच्या मनी प्लांटचं. पहाटे पानं ठीक दिसत होती. ऊन आल्यावर तासाभरात टोकाकडची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, ओलसर, लोळागोळा झाली. पेशींची आवरणं थंडीने फाटली की आतलं पाणी बाहेर येतं, त्याचंच हे रूप. अग्लोनेमा आणि क्रोटन आधीच घरात घेतले होते, ते छान आहेत. तुळशीची पानं जांभळट होऊन गळताहेत. सासूबाईंनी मंजिऱ्या काढून बी कागदात बांधून ठेवलंय.

शेवंती, पेटुनिया, कोथिंबीर, मेथी मजेत. गुलाबाच्या कळ्या उमलायला वेळ लागतोय, पण रंग इतके गडद की बघत राहावं.

जळलेले शेंडे आत्ता छाटणार नाही. ती मेलेली पानं खालच्या डोळ्यांवर, म्हणजे नवी फूट येते त्या जागांवर, आडोसा धरतात, आणि छाटलं की कोवळी फूट येऊन तीही गारठते. नत्राचं खतही बंद. संक्रांत उलटून रात्री उबदार व्हायला लागल्या, की आधी मनी प्लांटची कात्री, मग जास्वंद आणि कढीपत्त्याला शेणखत.