सपाट म्हणजे अनंत नव्हे

विश्व अनंत आहे का, या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळते. महास्फोटानंतर उरलेले प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१८ मध्ये अवकाशाची वक्रता, मोजमापाच्या अचूकतेच्या मर्यादेत, शून्य ठरली. म्हणजे अवकाश सपाट आहे, त्यातल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच भरते, आणि म्हणून ते अनंत आहे. यातला शेवटचा ‘म्हणून’ मला फार खटकतो.

कागदावर त्रिकोण काढून त्याची सुरळी केली, तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, कारण कागद कुठेही ताणला गेलेला नसतो. पण त्या सुरळीवर आडवी सरळ चालत गेलेली मुंगी निघाल्या जागी परत येते. त्रिमितीतही असे सपाट आणि तरीही मर्यादित अवकाश गणिताला मान्य आहे. आपले विश्व तसे असते आणि पुरेसे लहान असते, तर वैश्विक पार्श्वप्रारणात, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सर्व दिशांनी येणाऱ्या त्या क्षीण प्रारणात, आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांना, तापमानातील चढउतारांची जुळी वर्तुळे दिसली असती. खगोलशास्त्रज्ञांनी ती कसून शोधली; सापडली नाहीत. मात्र दृश्य विश्वाची, म्हणजे आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाची, त्रिज्या सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षे आहे, आणि त्याहून पुष्कळ मोठे असलेले मर्यादित विश्व या शोधातून सहज निसटते.

विश्व खरोखरच अनंत असेल, तर महास्फोट एका बिंदूत झाला हे चित्र सोडून द्यावे लागेल. आज अनंत असलेले विश्व आरंभीही अनंतच होते, फक्त कमालीचे दाट. अनंत विश्वात दूर कुठेतरी अगदी आपल्यासारखी पृथ्वी असणारच, हा निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. ठरावीक आकाराच्या भागात कणांच्या शक्य रचना मर्यादित असतील आणि असे भाग अनंत असतील, तर काही रचना पुन्हा पुन्हा येणार हे खरे. पण आपलीच येईल याची हमी काय? ११ ला १५ ने भागले की ०.७३३३… मिळते. ३ अनंत वेळा येतो, ७ एकदाच.

आरंभीचे चढउतार सर्वत्र सारखेच यादृच्छिक असतील, तरच तो ७ पुन्हा येईल. इन्फ्लेशनचा, म्हणजे विश्व अगदी आरंभी क्षणार्धात प्रचंड फुगले असे मानणारा, सिद्धान्त तसे सुचवतो आणि आपल्याला दिसणारे आकाश त्याच्याशी जुळते. पण ‘सर्वत्र’ तपासणार कसे? विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे हे १९९८ मध्ये कळले. ते तसेच चालू राहिले, तर दृश्य विश्वाच्या फार पलीकडच्या प्रदेशांतला प्रकाश कितीही काळ थांबले तरी इथवर पोहोचणार नाही.