तुम्ही विचारलंत म्हणून: दगडात खरंच जीव असतो का?

माझ्या प्रदर्शनात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. तांदळे (देव म्हणून पुजलेले अनघड दगड), वाघोबा म्हणजे वाघदेव, आदिवासींच्या बोहाडा उत्सवातले मुखवटे यांवरून मी काम करते. म्हणजे एक तर बाई भाविक, नाहीतर शिकून वाया गेलेली. पुण्यात तिसरा पर्याय सहसा देत नाहीत.

श्रद्धेचं बाजूला ठेवू. मला ओढ आहे ती कौलाची, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचं हो-नाही घेण्याच्या रीतीची. देवराईतलं, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातलं झाड तोडायचं तर अनेक गावांत आधी देवाला विचारतात. गुरव कौल लावतो आणि देव चक्क नाही म्हणू शकतो! इथे शहरात झाड तोडायचं असलं की महापालिका खोडावर नोटीस चिकटवते आणि हरकती मागवते. हरकत घ्यायची ती माणसांनीच. ज्याच्या अंगावर कागद, त्याला विचारायची सोय नाही. कौलात ती आहे, निदान देवीच्या तोंडून.

पर्यावरण अभ्यासक माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हा आजूबाजूला उजाड झालेल्या डोंगरांतही तिथे जुनं रान टिकलेलं होतं. देवीच्या कोपाच्या धाकानं! धाक म्हटलं की गोडवे गायला मन कचरतं; कित्येक देवरायांत पाळीच्या दिवसांत माझ्यासारखीला मज्जाव असतो, हेही त्याच व्यवस्थेतलं. आणि धाक ओसरला की देवीला आरसीसी देऊळ हवंसं वाटू लागतं, त्याच्या खर्चासाठी तिचीच झाडं विकली जातात. उघड्यावर राहणाऱ्या, डोक्यावर छप्पर न चालणाऱ्या देवी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचं ऐकलं असतं तर बरीच राई वाचली असती.

चित्रकलेतही तेच. वारली लग्नात भिंतीवर चौक (चौकोनी चित्र) लिहितात तो त्यांच्या पालघट देवीनं यावं म्हणून; पाहुण्यांनी बघावा हे नंतरचं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, याचा मला आनंदच आहे. पण चहाच्या मगावरच्या नाचणाऱ्या वारल्यांना कुणालाच बोलवायचं नसतं.

म्हणून माझे तांदळे मी मातीचे घडवते. गॅलरीवाले अधूनमधून 'एखादा खरा, शेंदूर लावलेला' आणायला सांगतात. मी त्यांना गावच्या गुरवाकडे पाठवते: आधी कौल लावा, मग टेम्पो ठरवा.