ड्रम मायक्रोस्कोप घेताना पितळ नको, काच बघा

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये नवशिक्यांसाठी ढिगाने बनलेला ड्रम मायक्रोस्कोप जुन्या बाजारात आजही स्वस्तात मिळतो. पितळी डब्याच्या पोटात आरसा, त्यावर काचपट्टीची जागा, वर सरकती नळी. फोकसला चाक नाही. नळी पिळत पिळत खाली-वर करायची.

विकणारा पितळ चकचकीत करून ठेवतो. तीच पहिली शंका. मूळ पितळेवर लाखेचा पातळ सोनेरी थर असतो. पॉलिशने तो घासला जातो, स्पिरिट किंवा सॅनिटायझरने विरघळतो, आणि परत येत नाही. ओलसर सुती फडकं पुरे. नळी अडकत असेल तर जुनं ग्रीस वाळलेलं असतं. कापसाच्या काडीला थोडं घासलेट लावून पुसा. आतला काळा रंग मात्र खरवडू नका, तो भरकटलेला उजेड शोषतो.

खरी किंमत नळीच्या खालच्या टोकाला बसवलेल्या बोंडात. त्यात बहुधा एकावर एक बसणारी तीन छोटी भिंगं असतात. एकट्याने कमी मोठं दिसतं, तिन्ही जोडली की जास्त, पण काचपट्टीपासूनचं अंतर फारच कमी उरतं. म्हणून नळी आधी बाजूने बघत खाली न्या आणि डोळा लावल्यावर फक्त वर घ्या; उलट केलंत तर भिंग काचेवर आपटतं. एखादं भिंग हरवलेलं असेल तर सौदा सोडा. १८५८ नंतर रूढ झालेल्या २०.३२ मिमीच्या आट्यांचं नवं वस्तुभिंग (वस्तूजवळचं भिंग) इथे बसत नाही.

कडा धूसर दिसतात? नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचा वरचा भाग, उघडा. तिच्या दोन्ही भिंगांची फुगीर बाजू खाली, वस्तूकडे हवी. साफ करताना कुणीतरी एक उलटं बसवलेलं असतं, हा नेहमीचा घोळ.

आरशावर थेट ऊन कधीच घेऊ नका, डोळा जाईल. एलईडी दिव्यापुढे बटर पेपर लावा. नेत्रिका काढून नळीत डोकवा: उजेडाची चकती एका बाजूला कललेली असेल तर आरसा हलवा.

किती पट दिसतं ते डब्यावरच्या आकड्यावरून धरू नका. खाली मिलिमीटरची पारदर्शक पट्टी ठेवा, दुसरा डोळा उघडा ठेवून २५ सेंमीवरच्या साध्या पट्टीशी ताडा. १ मिमी ६० मिमीएवढा दिसला तर ६० पट.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात याला लाकडी पेटीत कोंडू नका. भिंगांवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा बरा.